पहिला लेथ: नवा मिनी घ्यावा की जुना बटाला?

येझदीवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी. नोकरी बँकेत, लोखंडाशी संबंध घरच्या येझदीपुरता. पण तिच्या एका साध्या ब्राँझ बुशसाठी सातपूरला 3 वर्कशॉप फिरलो आणि सगळ्यांनी "साहेब एक नग कोण करणार" म्हणून हात जोडले, तेव्हापासून डोक्यात लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) घुसलाय. बुश, स्पेसर, जमलंच तर एखादं छोटं स्टर्लिंग इंजिन (गरम हवेवर चालणारं), एवढंच करायचंय. रो हाऊसच्या पार्किंगमध्ये कोपरा आहे, लाईट सिंगल फेज, बजेट सगळं धरून 1 लाख. एकीकडे तो चायनीज मिनी लेथ आहे, 180 मिमी स्विंग (जास्तीत जास्त एवढ्या व्यासाचं काम बसतं) आणि 350 मिमी लांबीवाला, आणि दुसरीकडे अंबडला एकजण साडेचार फुटी जुना बटाला (पंजाबातल्या बटाल्याला बनलेला जड लेथ) 65 हजारात देतोय, रंग एकदम चकाचक. कुठला घेऊ? घरी अजून सांगितलेलं नाही.

टर्नरकाका:
रंग चकाचक म्हणालात तिथंच मला शंका आली. रंग एका दिवसात मारून होतो हो. बघायला जाल तेव्हा चकाजवळचा (चक म्हणजे काम धरणारा फिरता पंजा) फूटभर बेड, म्हणजे खालचे रूळ, बघा, कारण आयुष्यभर सगळं काम तिथंच झालेलं असतं. सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, चकाजवळ आणायचा, लॉक बोल्ट जेमतेम सरकेल इतपत आवळायचा आणि हँडव्हील फिरवत टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, न्यायचा. जाता जाता घट्ट होत गेला तर समजा चकाजवळचा बेड खाल्लाय. मग चकात एक जाड रॉड धरा, चकाला डायल (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळ) लावा आणि रॉड वर उचलून बघा, काटा बराच हलला तर बेअरिंगमध्ये प्ले आहे. क्रॉस स्लाईडच्या (टूल आडवं सरकवणारा भाग) बॅकलॅशला, म्हणजे स्क्रूतल्या ढिलाईला, मात्र घाबरू नका, नट बदलता येतो.
अजून एक, जे विकणारा सांगत नाही: चेंज गिअरचा (आट्याचं माप बदलायला लावायचे गिअर) सेट पूर्ण आहे का. जुन्या मशीनचा लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) बहुतेक इंची असतो, तुम्हाला आटे पाडायचे मेट्रिक, त्यासाठी 127 दातांचा गिअर लागतो. (25.4 गुणिले 5 म्हणजे 127, म्हणून तोच आकडा.) आणि असे आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा) उघडायचा नाही, टूल बाहेर काढायचं आणि मशीन उलटं फिरवून मागं आणायचं.

डोंबिवली_खटपट्या:
काकांचं सगळं मान्य, पण माझं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथं बटाला कोण चढवणार 😀 माझ्याकडे मिनी आहे, 3 वर्षं झाली. 40 किलोच्या आसपास वजन, दोघांनी उचलला. पण खोक्यातून काढला आणि चालू केला असं होत नाही हं, पहिला आठवडा सगळं खोलून ग्रीस पुसणं, बर काढणं आणि जिब (सरकत्या भागांची फट भरणाऱ्या पट्ट्या) सेट करण्यातच गेला. पितळ, ब्राँझ, अॅल्युमिनियम लोण्यासारखं कापतो, त्यामुळे तुमचे बुश आणि स्टर्लिंग आरामात होईल. एमएसमध्ये (साधं पोलाद) मात्र जरा खोल कट घेतला की किंचाळायला लागतो, कारण 25 मिमीचा एमएस रॉड एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने कापायचा तर 300-350 आरपीएम हवेत आणि तेवढ्या कमी स्पीडला याच्या मोटरचा दम निघतो. एकदा पार्टिंग टूल (रॉड तोडायचं) अडकलं, मी बंद करायचं सोडून बघत बसलो, कंट्रोल बोर्ड गेला.
आणि 1 लाख "सगळं धरून" म्हणताय ना? बेंच ग्राइंडर, टूल बिट, ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, व्हर्नियर, डायल, यात माझे वरचे 22 हजार गेले.

उद्यमनगर_कोल्हापूर:
भावा, रो हाऊस आणि तळमजला असून मिनी घेतोस होय? जड मशीन थरथरत न्हाय, नवशिक्याला तेच पायजे. सिंगल फेजचं टेन्शन घेऊ नको. थ्री फेज मोटर असंल तर तिचं झाकण उघडून बघ, 6 वायरी बाहेर आल्या असत्याल आणि प्लेटवर 415 स्टार असंल तर डेल्टा जोडून 230 च्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरनं थ्री फेज देणारा डबा) चालती, स्पीड पण कमीजास्त करता येतोय. सिंगल फेज मोटर आधीच बसवलेली असंल तर रिव्हर्स फिरतीय का ते बघून घे, काका म्हणाले तसं मेट्रिक आट्याला लागणार.
आमच्याकडं नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच शिकवत्यात, चकाची चावी चकात ठेवून हात सोडायचा न्हाय. हातमोजे, अंगठी, लांब बाही काय बी नको. चष्मा घाल.

येझदीवाला_नाशिक:
अपडेट. रविवारी अंबडला गेलो, काकांची टेस्ट केली. सॅडल अर्ध्यावर जाऊन असा अडकला की हँडव्हील हलेना. मालक म्हणतो, "बघा साहेब, मशीन किती टाइट आहे." चहा पिऊन परत आलो.
आता सिन्नरला एक आहे. रंग उडालेला, गंजाचे डाग, पण सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा सरकतो. मोटर सिंगल फेज, रिव्हर्स चालते. फक्त 127 चा गिअर नाही, 55 हजार म्हणतोय. घेऊ का?

टर्नरकाका:
घ्या, पण 50 वर आणा. गिअर करून मिळेल. नुसते दात सांगून कोणी करणार नाही, त्याच्या सेटमधला एक गिअर काढून सोबत न्या, त्यावरून डीपी (दातांचं माप), भोक आणि चावीगाळा सगळं मोजता येतं.