प्रतिपालकत्वातलं लेकरू दत्तक घेताना त्याला काय आणि कसं सांगावं?

प्रश्न, परभणी
मुलगी नऊ वर्षांची. प्रतिपालकत्वाला (फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणं) दोन वर्षं झाली, आता दत्तक घ्यायचंय. नातेवाईक म्हणतात, जुनं काढू नका. काय सांगावं? आणि कागदांचं कुठं अडतं?

उत्तर १, लातूर
आधी कागद. दत्तकाआधी दोन वर्षं प्रतिपालकत्वाची अट केंद्र सरकारच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतली. पूर्वी पाच वर्षं होती. पण मुदत भरली म्हणजे दत्तक झालं असं नाही. बालकल्याण समितीनं मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असल्याचा आदेश दिलेला असला पाहिजे. तो आहे का, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात सगळ्यात आधी विचारा. आई-वडील हयात असले की गाडी इथंच अडते, आणि ते बरोबरच आहे: ऊसतोडीला गेलेल्या मायबापानं आजीपाशी ठेवलेलं लेकरू टाकलेलं नसतं.
मग केअरिंग्ज या दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी, गृहभेट अहवाल (समाजसेवक घर बघून लिहितात तो). पाच वर्षांपुढच्या मुलाची संमती लागते. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, कोर्ट नाही. बॉण्डवर लिहून घेतलेलं दत्तकपत्र इथं चालत नाही.

उत्तर २, नांदेड
ताई, नऊ वर्षांच्या मुलीला जुनं घर आठवतंच. तुम्ही गप्प राहिलात, तर तिला वाटेल की तो विषय वाईट आहे. समोर बसवून सांगू नका. शेंगा फोडताना, वेणी घालताना बोला, दोन-तीन वाक्यंच: "तुझ्या जन्मदात्या आईला तुला सांभाळणं जमलं नाही. त्यात तुझी काहीच चूक नव्हती." दुसरं वाक्य कधीच गाळू नका, लेकरं दोष स्वतःकडं घेतात. "टाकून दिलं" किंवा "आम्ही तुला वाचवलं" हे शब्द घरात नकोत. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, कागदात बघू" म्हणा. आदेश हाती येईपर्यंत "आता कायमची आमची" असं वचन देऊ नका.
तिचे जुने फोटो, येताना अंगावर असलेला फ्रॉक एका पेटीत ठेवा. फ्रॉक धुऊ नका, त्याचा वास तिचा आहे. नाव बदलू नका. 'आई' म्हणायचं की 'मावशी', ते तिच्यावर सोडा.
लग्नकार्यात कुणीतरी "कुणाची गं तू?" विचारणारच. "मी यांची मुलगी" एवढं उत्तर घरी ठरवून ठेवा. बाकीची हकीकत तिची. ती तुम्ही पाहुण्यांना सांगायची नाही. शाळेत वंशावळीचा तक्ता किंवा 'माझे कुटुंब' निबंध येण्याआधी बाईंच्या कानावर घाला.

प्रश्नकर्ती
"मला आधीच्या आईकडं जायचंय" म्हणाली तर?

उत्तर २
"आठवण येते ना तिची?" एवढंच विचारा आणि जवळ बसा. आदेशानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट असते. अंथरूण ओलं होणं, उशीखाली भाकरी लपवणं हे तेव्हा मोकळेपणानं सांगा. भाकरीवरून रागावू नका. तिच्या हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका.