तेलपाण्याचे पैसे वेगळे काढा

महिना दोन हजार साठवून वर्षाला एक मनगटी घड्याळ घ्यायचं, हा तुम्ही मांडलेला हिशोब पटला, पण त्यात सर्व्हिसिंग धरलेलंच नाही. चावीच्या घड्याळातलं तेल काही वर्षांत सुकतं. मग सगळं खोलून, धुऊन पुन्हा तेल द्यावं लागतं. मी दोन हजारांतले पाचशे त्यासाठीच ठेवतो.

आणि जुनी एचएमटी घेणार असाल तर डायल भिंगातून बघाच. अक्षरं जाड, फिसकटलेली, मिनिटांच्या रेघा वाकड्या, म्हणजे डायल नव्याने रंगवलेली. मी अशीच एक चकचकीत एचएमटी 'पायलट' घेतली होती. आत निरनिराळ्या घड्याळांचे भाग निघाले, दुरुस्तीला किमतीहून जास्त गेले. वडिलांची ओरखडे पडलेली एचएमटी 'जनता' मात्र रोज चावी दिली की छान चालते.