मिलिंगची मोटर कटमध्ये बसते, मदत हवी आहे

भंगारप्रेमी: अंबडला एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून जुनं एम१टीआर मिलिंग मशीन उचललं. महिनाभर गंज काढला, स्लाइडची ढिलाई काढणारी जिबपट्टी आवळली. मोटर थ्री फेज, घरी सिंगल फेज, म्हणून व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटर चालवणारा ड्राइव्ह) लावला. स्पिंडल रिकामं झकास फिरतं, एमएसमध्ये (साध्या पोलादात) १ मिमीचा कट दिला की मोटर बसते, जागीच थांबते. बेल्ट नवा आहे, तो सांगू नका. काय चुकतंय?

सातपूरकर: मोटर किती एचपी? व्हीएफडी कितीचा? कटर कोणता? नेमप्लेटचा फोटो टाका, नाहीतर अंदाजपंचे.

जिबवाले काका: आधी बॅकलॅश बघा. हँडल उलटं फिरवल्यावर टेबल हलायच्या आधी डायलचे किती भाग जातात? क्लाइंब मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवणं) करत असाल तर कटर जॉब ओढून घेणारच.

भंगारप्रेमी: काका, टेबल नाही, मोटर बसते! २ एचपी, व्हीएफडी २.२ किलोवॉट, १२ मिमीची एंडमिल. फ्रिक्वेन्सी २०वर आणली, तरी तेच.

सीएनसीवेडा: तिन्ही अक्षांना बॉलस्क्रू (जवळजवळ बिनबॅकलॅशचे स्क्रू) आणि सर्व्हो मोटर टाका, एकदाच.

जिबवाले काका: बाळा, स्लाइड झिजलेल्या असताना बॉलस्क्रू म्हणजे पोपडे धरलेल्या भिंतीवर ऑइलपेंट. आधी निळा रंग लावून उंचवटे शोधा आणि स्क्रॅपिंग करा.

गंगापूररोड: महावितरणकडून थ्री फेज घ्या, कटकटच नको.

सीएनसीवेडा: आणि त्याचा स्थिर आकार दर महिन्याला तुम्ही भरणार का?

सातपूरकर: पॉइंटवर या. वेग कमी हवा तर बेल्ट पुलीच्या दुसऱ्या पायरीवर टाका, जोर वाढतो. व्हीएफडीने फ्रिक्वेन्सी उतरवून वाढत नाही. आणि प्लेटवर ४१५ व्होल्ट, स्टार जोडणी आहे का?

भंगारप्रेमी: हो. ४१५, वाय म्हणजे स्टार, ३.४ अँपिअर. तेच आकडे व्हीएफडीत भरलेत.

सातपूरकर: तिथेच घोळ आहे. सिंगल फेजचा साधा व्हीएफडी २३०च्या वर देत नाही. स्टारमध्ये ४१५ मागणाऱ्या मोटरला २३० दिले की जोर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. रिकामी फिरणारच. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पत्र्या बदलून डेल्टा जोडणी करा, व्हीएफडीत २३० व्होल्ट आणि सुमारे ५.९ अँपिअर भरा. आधी सप्लाय तोडा, कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबा.

मिसळखाऊ: मशीन तळमजल्यावर आहे ना? एम१टीआर टनाच्या घरात जातं. आमच्या सिडकोत एकाने पहिल्या मजल्यावर लेथ चढवलं, खालचे भाडेकरू सोडून गेले.

भंगारप्रेमी: तळमजलाच. बॉक्स उघडला, तीनच वायर बाहेर आहेत :(

सातपूरकर: म्हणजे स्टारची गाठ आत बांधलीये. वाइंडरकडे न्या, गाठ सोडून सहा टोकं बाहेर काढून दे म्हणा. तो पूर्ण रिवाइंडिंग गळ्यात मारायला बघेल, वाइंडिंग जळालेलं नसेल तर ऐकू नका. बेअरिंग मात्र बदलून घ्या, मोटर उघडतेच आहे.

जिबवाले काका: आणि बॅकलॅश?

भंगारप्रेमी: डायलचे बारा भाग, काका. मोटर आली की तुमच्याकडेच येतो.