अंघोळीच्या मिठात तेल नीट मिसळलं होतं, तरी अंगाची आग का झाली?

रानजाई

जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठे झाली ते कळणार नाही.

माझी मोठी बहीण नर्स आहे. महिनाभर रात्रपाळी करून तिचे पाय नुसते भरून येतात. तिच्या वाढदिवसाला स्वतः बनवलेलं अंघोळीचं मीठ द्यायचं मी ठरवलं. २ कप एप्सम सॉल्ट घेतलं, त्यात पेपरमिंट तेलाचे १० थेंब, संत्र्याच्या तेलाचे ८ आणि दालचिनी तेलाचे ४. लाकडी चमच्याने चांगली दहा मिनिटं ढवळलं. दोन दिवस बरणीत मुरू दिलं. वास इतका सुंदर आणि एकसारखा होता की तेल मिठात पूर्ण जिरलंय याची मला खात्रीच होती.

तिला देण्याआधी स्वतः वापरून बघावं म्हणून काल टबात कोमट पाणी भरून अर्धा कप घातलं आणि बसले. पहिली दोन-तीन मिनिटं छान गार गार वाटलं. मग मांड्यांच्या मागच्या बाजूला चुरचुरायला लागलं आणि पाचव्या मिनिटाला मी उठलेच. थंड पाण्याने धुतलं, तर आग आणखी पसरल्यासारखी झाली. आरशात पाहिलं तर मांड्यांवर लाल चट्टे आणि छातीखाली अंगाभोवती बोटभर रुंदीचा लाल पट्टा, रेघ ओढल्यासारखा सरळ. पोटावर मात्र काहीच नाही! आज लाली उतरलीय, पण कातडी अजून हुळहुळते.

हिशेब केला तर अर्ध्या कपात जेमतेम ५-६ थेंब तेल येतं. एवढ्या मोठ्या टबात ५-६ थेंब म्हणजे काहीच नाही ना? मग तेल भेसळीचं असेल का? की मला एप्सम सॉल्टच सोसत नाही? अशाच आणखी दोन बरण्या रिबीन बांधून तयार आहेत आणि वाढदिवस नऊ दिवसांवर आलाय.

तुरटी

रानजाई, आधी त्या दोन्ही बरण्या बाजूला ठेवा. ताईंना देऊ नका.

मी अकरा वर्षं साबण, अंघोळीची तेलं, स्क्रब असलं सगळं घरी बनवतेय. तुम्ही तो लाल पट्टा इतका नेमका सांगितलात म्हणून बरं झालं, कारण चूक तिथेच दिसते. तो पट्टा म्हणजे टबातल्या पाण्याची पातळी. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. तुमचे ५-६ थेंब टबभर पाण्यात पसरलेच नाहीत. ते पाण्याच्या पृष्ठभागावर तवंग होऊन राहिले आणि जिथे पाणी संपून अंग सुरू होतं तिथे कातडीला चिकटले. बसताना मांड्या त्याच तवंगातून खाली गेल्या. पोट पूर्ण पाण्याखाली होतं, म्हणून वाचलं.

म्हणजे टबात तेल कमी होतं हे खरं, पण अंगाला जे लागलं ते जवळजवळ निर्भेळ लागलं.

मिठात जिरलं असं वाटतं, तेही खरं नाही. मिठाच्या खड्यांवर तेलाचा नुसता लेप बसतो. खडा पाण्यात विरघळला की लेप सुटतो आणि वर येतो. ही समजूत इतकी पसरलेली आहे की मीही सुरुवातीची दोन वर्षं अशीच बरण्या भरभरून वाटल्या होत्या, आणि आज ते आठवलं की फार वाईट वाटतं. खात्री करायची तर काचेच्या ग्लासात कोमट पाणी घ्या, तुमचं मीठ चमचाभर घाला, ढवळा आणि ग्लास उजेडात धरून वरून बघा.

दुसरी गोष्ट तेलांच्या निवडीची. दालचिनीचं तेल सालीचं आहे की पानाचं, ते बाटलीवर बघा. सालीच्या तेलात मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड असतं आणि कातडीला ते फार जाळतं. अंगावर राहणाऱ्या वस्तूत त्याची सुचवलेली मर्यादा ०.०७ टक्के इतकी कमी आहे. पानाच्या तेलात लवंगेसारखं युजेनॉल जास्त असतं, त्याचीही मर्यादा ०.६ टक्के. तुम्ही घातलेले ४ थेंब दिसायला कमी, पण अंघोळीत दालचिनी घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पेपरमिंटमधलं मेंथॉल थंडीची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून आधी गार वाटलं. नाजूक कातडीला तेच नंतर झोंबतं.

आणि पाण्याने धुतल्यावर आग पसरली, कारण पाण्याने तेल निघत नाही, फक्त इकडचं तिकडे सरकतं. पुढे कधी असं झालं तर आधी साधं खायचं तेल किंवा बदाम तेल लावून मऊ कापडाने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. हुळहुळणं दोन-तीन दिवसांत गेलं नाही किंवा फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, घरी प्रयोग नकोत.

एप्सम सॉल्टचा काही दोष नाही. ते मॅग्नेशियम सल्फेट, पाण्यात विरघळून जातं.

काचेची_बरणी

मला वाटतं तुरटीताई उगाच घाबरवतायत. मी कितीतरी वर्षं तेलाचे थेंब पेलाभर दुधात घालून ते टबात ओतते. दुधातल्या स्निग्धांशात तेल मिसळतं आणि मला आजवर कधीच काही झालेलं नाही. मिठाऐवजी दूध वापरा, रानजाई.

तुरटी

काचेची_बरणी, तुम्हाला त्रास झाला नाही याचा आनंदच आहे. पण तुम्ही कोणतं तेल घालता? लव्हेंडरसारखं सौम्य तेल २-३ थेंब असेल तर पुष्कळांना निर्भेळ लागूनही लगेच काही होत नाही. दुधात स्निग्धांश थोडा आणि तो आधीच बारीक थेंबांत बांधलेला असतो, बाहेरून घातलेलं तेल तो धरून ठेवत नाही. तुम्हीही ग्लासाची परीक्षा करून बघा, खरंच. मी केली तेव्हा मिनिटभरात कडेने तेलाची वर्तुळं जमली होती.

आणि 'मला काही झालं नाही' यावर मी एवढं का अडते ते सांगते. मलाही सहा वर्षं काही झालं नव्हतं. लव्हेंडर माझं सगळ्यात आवडतं तेल. एक मोठी बाटली होती, पुरवून पुरवून वापरायची म्हणून तीन वर्षं ठेवलेली, अर्धी रिकामी, न्हाणीघराच्या फळीवर, रोज वाफ खाणारी. हवा लागून तेल जुनं होतं तेव्हा त्यातल्या लिनालूल या सुगंधी घटकापासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात आणि ते कातडीला संवेदनशील करतात. वास किंचित बदलला होता, मला वाटलं मुरलाय. एका हिवाळ्यात दोन्ही मनगटांवर पुरळ उठलं, मग कोपरापर्यंत गेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पदार्थ लावून ॲलर्जी बघायची चाचणी, केली तेव्हा कारण कळलं. आता ताजं, उत्तम लव्हेंडरही मला चालत नाही. दुकानातला साबण घेतानासुद्धा घटकांची यादी वाचावी लागते. ही ॲलर्जी एकदा जडली की साधारणपणे जन्मभर राहते. जळजळ बरी होते, हे बरं होत नाही.

तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते, छोट्याच बाटल्या घेते, गडद काचेच्या, आणि फ्रिजमध्ये ठेवते. संत्रं, लिंबू, टी ट्री ही तेलं लवकर बिघडतात, ती वर्षभरात संपवते.

रानजाई

ग्लासाची परीक्षा केली. मीठ तळाशी विरघळत गेलं आणि वर बारीक सोनेरी टिकल्या आल्या, मग त्या एकमेकींत मिसळून तवंग झाला. पाहून अंगावर काटा आला. आणि दालचिनी सालीचीच आहे.

पण मग अंघोळीच्या पाण्यात तेल घालायचंच नाही का? ताईला काहीतरी हातचं द्यायचं आहे हो. या बरण्या दुरुस्त करता येतील का?

तुरटी

बरण्या दुरुस्त होणार नाहीत, दालचिनी काढून घेता येत नाही. पण फेकू नका. झाकण काढून कपाटात किंवा चपलांच्या कप्प्यात ठेवा, महिनाभर वास देतील. घरात मांजर असेल तर मात्र तिच्या वाटेत ठेवू नका, मांजरांना ही तेलं पचवता येत नाहीत.

तेल पाण्यात घालायचे तीन मार्ग मी वापरते.

सगळ्यात सोपा म्हणजे आधी वाहक तेलात, म्हणजे सुगंधी तेल सौम्य करायच्या साध्या तेलात, मिसळणं. बदाम, जोजोबा, सूर्यफूल, काहीही चालेल. ३० मिलि वाहक तेलात ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का, कारण एका मिलित सुमारे २० थेंब बसतात. हे तेलही तरंगणारच, पण अंगाला लागेल ते आधीच सौम्य केलेलं. यात धोका एकच आणि तो खरा आहे: टब भयंकर निसरडा होतो. तळाला रबरी चटई हवी आणि नंतर टब साबणाने घासायला हवा.

दुसरा, पॉलिसॉर्बेट २० वापरणं. हे तेल आणि पाणी यांना जोडतं. एक भाग सुगंधी तेलाला मी सहा भाग घेते. दोन्ही आधी एकत्र ढवळायचे आणि मग पाण्यात. क्रम उलटा केला तर नीट बसत नाही. पाणी किंचित दुधाळ दिसतं, वर तवंग येत नाही.

तिसरा, बिनवासाचा शॉवर जेल. मोठा चमचाभर जेलमध्ये ३-४ थेंब मिसळून वाहत्या नळाखाली ओतायचं.

एक सांगते, थेंब मोजणं हा अंदाजच असतो. प्रत्येक बाटलीच्या तोटीचा थेंब वेगळा. पातळ संत्र्याचा लहान, घट्ट तेलाचा मोठा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घेतलात तर सगळी भानगड मिटते. माझ्या सगळ्या वह्यांमधल्या जुन्या कृती मी थेंबांवरून ग्रॅमवर आणल्या, त्यात एक अख्खा पावसाळा गेला.

हिमकण

धागा वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. मधेच विचारते, चालेल ना? माझ्या बाथ बॉम्बना (टबात टाकले की फसफसणारे गोळे) साच्यातून काढल्यावर फोड येतात आणि रात्रीतून फुगून भेगा पडतात. खाण्याचा सोडा २ भाग, सायट्रिक ॲसिड १ भाग, बांधण्यासाठी पाण्याचा फवारा.

अर्धवर्तुळ

हिमकण, पाणी लागलं की सोडा आणि ॲसिड यांची क्रिया तिथल्या तिथे सुरू होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो फोड म्हणजे तुमचा बॉम्ब टबाऐवजी साच्यात फुटतोय. पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारा, तोही थोडा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि टोकरल्यावर मोडला, की पुरे. हवा दमट असेल त्या दिवशी करूच नका. मिश्रणात एप्सम सॉल्ट घालत असाल तर तेही थांबवा. त्याच्या स्फटिकांत वजनाच्या निम्म्याहून जरा जास्त पाणीच असतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून हेही सांगावंसं वाटतं. पूर्ण क्रियेसाठी १९२ ग्रॅम सायट्रिक ॲसिडला २५२ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे सुमारे १.३ पट. २:१ मध्ये बराच सोडा उरतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. बहुतेकांना चालतं. अंग कोरडं पडत असेल तर सोडा थोडा कमी करून बघा.

तुरटी

अर्धवर्तुळसर, हे प्रमाणाचं गणित मला माहीत नव्हतं, वहीत लिहून घेतलं. हिमकण, बॉम्बमध्येही सुगंधी तेल घालत असाल तर पॉलिसॉर्बेटचा तोच नियम. फेस वर आला म्हणजे तेल मिसळलं असं नसतं.

रानजाई, ताईंना साखरेचा किंवा मिठाचा स्क्रब द्यायचा विचार असेल तर एकच सूचना. त्यात पाणी नसतं तोवर टिकतो, पण ओला हात बरणीत गेला की बुरशीला जागा मिळते. ई जीवनसत्त्व घातलं म्हणजे टिकेल असं बरेच जण सांगतात. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, बुरशीला अडवत नाही. छोटी बरणी आणि सोबत कोरडा चमचा द्या.

आणि हे सुरुवातीलाच विचारायला हवं होतं: ताईंना दमा, गरोदरपण, कुठली ॲलर्जी? त्यांना कोणते वास आवडतात?

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. चट्टे गेले.

परवा नवीन भेट तयार केली. एका बरणीत नुसतं एप्सम सॉल्ट, बिनवासाचं. सोबत गडद काचेची ३० मिलिची बाटली, बदाम तेलात लव्हेंडर, काट्यावर मोजून १ टक्का. कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली, काही झालं नाही. बाटलीवर तारीख, घटक आणि 'टब निसरडा होतो' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. रबरी चटईही घेतली.

मग तुरटीताईंचा प्रश्न वाचला आणि ताईला फोन केला. दमा नाही, बदामाचं काही वावडं नाही. पण लव्हेंडर म्हटल्याबरोबर ती म्हणाली, तो वास आमच्या वॉर्डातल्या फरशी पुसायच्या द्रावणाला आहे, घरी आल्यावर तो नको गं.

म्हणून आज दुसरी बाटली भरली. नुसतं बदाम तेल.