मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठवलेल्या मोठ्या पीडीएफ उघडत नाहीत: कॉलम बदलू की फाइली डिस्कवर ठेवू?

घणसोली_पीएचपी:
घोडबंदर रोडवरच्या एका हाउसिंग सोसायटीसाठी वेब अ‍ॅप करतोय. पीएचपी ८, अपाचे, मायएसक्यूएल ५.७. सभासद शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, भाडेकरार असे कागद अपलोड करतात. ३०० फ्लॅट, दर फ्लॅटमागे १०-१२ कागद, स्कॅन बहुतेक २०० केबी ते ३ एमबी, काही त्याहून खूप लहान. फाइल ठेवायच्या कॉलमचा टाइप ब्लॉब (कच्चे बाइट साठवणारा) आहे. लहान फाइल नीट उघडते, मोठी डाउनलोड केली की 'डॅमेज्ड' म्हणते. २ एमबीच्या वरची तर एरर कोड १ देऊन परत येते. 'भाडेकरार' नावाची फाइल उतरवली की नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. सगळं डेटाबेसमध्येच ठेवावं का?

डीबीए_ठाणे:
साध्या ब्लॉबमध्ये ६५,५३५ बाइटच मावतात. तुमच्याकडे स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी मायएसक्यूएलची सेटिंग) बंद दिसतोय, म्हणून जादा बाइट फक्त वॉर्निंग देऊन कापले जातात. तो चालू असता तर इन्सर्ट १४०६ एररने तिथंच अडला असता. आधी तो चालू करा, मग कॉलम मीडियमब्लॉब, म्हणजे ब्लॉबचाच मोठा प्रकार, करा. त्यात १६ एमबीपर्यंत जागा आहे, लाँगब्लॉबची गरज नाही.

कॉलम बदलला तरी कापलेल्या फाइली परत येणार नाहीत. ज्या ओळींत लेंग्थ बरोबर ६५,५३५ भरते त्या शोधा आणि त्या सभासदांकडून कागद पुन्हा मागवा. हे आत्ताच करा. नाहीतर फ्लॅट हस्तांतरणाच्या वेळी कागद लागेल तेव्हा तो अर्धाच निघेल.

एरर कोड १ म्हणजे पीएचपीची अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ ओलांडली. ती मुळात २ एमबी असते. ५ एमबी करा, पोस्ट_मॅक्स_साइझ (अख्ख्या फॉर्मची मर्यादा) ८ एमबी राहू द्या. ही दुसरी मर्यादा ओलांडली तर पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात आणि फॉर्म भरलाच नव्हता असं वाटतं. ५.७ मध्ये सर्व्हरचं मॅक्स_अलाउड_पॅकेट (एका क्वेरीच्या आकाराची मर्यादा) मुळात ४ एमबी असतं. पीडीओ (पीएचपीची डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) मुळात प्रिपेअर एम्युलेट करतं, म्हणजे डेटा क्वेरीच्या मजकुरातच घालून पाठवतं; त्यात खास बाइटांपुढे \ लागून बायनरी डेटा फुगतो, म्हणून ३ एमबीची फाइलसुद्धा तिथं अडकू शकते. १६ एमबी करा.

फाइल बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, टेक्स्ट कॉलममध्ये टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फुकट ३३ टक्के आकार वाढतो.

खारघर_बॅकएंड:
वरचं सगळं पटतं, पण मी फाइली डिस्कवर ठेवेन. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००६ साली एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम यांची तुलना केली होती. त्यात २५६ केबीच्या आत डेटाबेस बरा ठरला आणि १ एमबीच्या वर फाइल सिस्टिम. तुमचे बहुतेक स्कॅन या दोन्हींच्या मध्ये आणि वर पडतात. वेबरूटच्या (ब्राउझरला थेट दिसणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर फोल्डर करा, फाइलीला शा-२५६ हॅशचं (मजकुरावरून काढलेल्या ठशाचं) नाव द्या. टेबलात मूळ नाव, आकार, हॅश आणि सभासद क्रमांक एवढंच.

डीबीए_ठाणे:
एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण इथं एकूण डेटा जेमतेम ३-४ जीबी आहे आणि सोसायटीच्या ऑफिसात बॅकअप घेणारा माणूस एकच असतो. डेटाबेस एकीकडे, फोल्डर दुसरीकडे असलं की कधीतरी एकाचाच बॅकअप घेतला जातो. डेटाबेसमध्ये ओळ आणि फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, म्हणजे दोन्ही साठतात किंवा एकही नाही. फक्त फाइलीचा कॉलम वेगळ्या टेबलात काढा, नाहीतर यादीच्या पानावरची सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम मागणारी) क्वेरी दरवेळी सगळे पीडीएफ ओढून आणेल. बॅकअप मायएसक्यूएलडंपने, हेक्स-ब्लॉब आणि सिंगल-ट्रान्झॅक्शन हे पर्याय लावून घ्या. हेक्समुळे डंप फाइलींच्या दुप्पट होईल, तेवढी जागा ठेवा.

वाशी_वेब:
नावाचं बघा. टेबलातच प्रश्नचिन्हं असतील तर टेबल आणि पीडीओ कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच हवा. आधीची नावं मात्र गेली. टेबलात नाव ठीक असेल तर कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये (ब्राउझरला डाउनलोडचं नाव सांगणारी ओळ) ताऱ्याचं फाइलनेम (filename*) वापरा आणि नाव पीएचपीच्या रॉयूआरएलएन्कोडमधून काढा.

ब्राउझर सांगतो त्या फाइल टाइपवर विसंबू नका, पीएचपीच्या एफइन्फोने (finfo, फाइलचा मजकूर पाहून प्रकार ओळखतं) तपासा. डाउनलोडच्या पानावर लॉगिन पाहून थांबू नका, मागितलेला कागद त्याच सभासदाचा आहे का हे दरवेळी तपासा. नाहीतर पत्त्यातला आयडी ४१ चा ४२ केला की शेजाऱ्याचा भाडेकरार, त्यातल्या आधार क्रमांकासकट, समोर येईल.

घणसोली_पीएचपी:
लेंग्थची क्वेरी चालवली, बऱ्याच ओळी निघाल्या. त्या सभासदांना आजच कळवतो. दोन टेबलं करून डेटाबेसमध्येच ठेवतो.

डीबीए_ठाणे:
कॉलम बदलणारी ऑल्टर क्वेरी चालवण्याआधी डंप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून एखादी पीडीएफ उघडून पाहा.