दुसरा चरण म्हणजे नुसती पुनरुक्ती?

शब्दवेडी : हिब्रू बायबलातल्या कवितेत एका ओळीमागून तिच्याच वळणाची दुसरी येते. १७५३ मध्ये इंग्रज विद्वान रॉबर्ट लाउथने याला समांतरता म्हणून तीन प्रकार पाडले : समानार्थी, विरोधी आणि संयोगी (दुसरी ओळ पहिलीला पुढे नेते). तेव्हापासून 'दोन्हींत एकच सांगितलंय, भाषांतरात एक गाळली तरी चालेल' असं सर्रास ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. बायबलातल्या 'शास्ते' या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातलं दबोरा या संदेष्टीचं विजयगीत घ्या. शत्रूचा हरलेला सेनापती सीसरा याएल नावाच्या बाईच्या तंबूत शिरतो. 'पाणी मागितलं त्याने, दूध दिलं तिने. सरदारी वाडग्यात दही पुढे केलं.' पाणी, दूध, दही, तेही भारी वाडग्यात! पाहुणचार असा चढत जातो आणि लगेच तिचा हात तंबूच्या मेखेकडे, त्याला ठार मारायला. दुसरी ओळ गाळलीत तर काळजात चर्र होणार कुठून? बायबलचा अभ्यासक जेम्स कूगेलने १९८१ मध्ये हेच मांडलं : दुसरा चरण म्हणजे 'आणि एवढंच नव्हे, तर'.

कंदील : सरसकट नाही मान्य. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात (९:९) राजा येतो 'गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर' बसून. जनावर एकच. येशू यरुशलेमात शिरतो त्या प्रसंगात मार्क आणि लूक ही शुभवर्तमानं एकच शिंगरू सांगतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय २१) मात्र हीच ओळ देऊन शिष्य गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणतात, दोन्हींवर वस्त्रं घालतात. दुसऱ्या ओळीत नवं शोधलं की असं होतं. तुमच्याच गीतात पुढे 'हात मेखेकडे, उजवा हात हातोड्याकडे' आहे. हात–उजवा हात ही ठरलेली जोडी. सीरियातल्या उगारित या प्राचीन नगरीच्या मातीच्या पाट्यांवरही अशा जोड्या आहेत. जोडी पुरी करायला आलेल्या शब्दावर एवढं ओझं कशाला?

शब्दवेडी : गाढवाचं मान्य. पण मेख एका हाताने धरल्याशिवाय हातोडा हाणणार कशावर?

पायवाट : लाउथचा तिसरा प्रकार म्हणजे उरलंसुरलं भरायची अडगळीची खोली. स्तोत्र २३ घ्या : 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' इथे दुसरा भाग पहिल्याचा परिणाम आहे. त्याला समांतर म्हणायचंच कशाला?

कंदील : मग शास्ते ५:२७ बघा. 'तिच्या पायांपाशी वाकला, पडला, निजला. तिच्या पायांपाशी वाकला, पडला.' तेच शब्द. ही निखळ पुनरुक्ती आहे आणि मला ती तशीच हवी.

शब्दवेडी : मलाही हवी! पण ओळ पुरी करा : 'जिथे वाकला तिथेच पडला, शादूद.' म्हणजे उद्ध्वस्त. 'निजला' दुसऱ्या खेपेला गळतो आणि शेवटी त्याच्या जागी हा शब्द येतो. मूळ हिब्रूत मोठ्याने म्हणून बघा (कारा म्हणजे वाकला, नाफाल पडला, शाखाव निजला, शाम तिथेच) : कारा, नाफाल, शाखाव. कारा, नाफाल. कारा, शाम नाफाल शादूद.