मोबाइल नेटवर्कच्या सर्व्हरमधील बदल: 'रोलबॅक'वर किती विसंबावे?

रात्रपाळी (धागाकर्ता): कोअरमधील, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती भागातील, सर्व्हर बदलण्याच्या प्रत्येक प्रस्तावात 'अडचण आल्यास रोलबॅक' (बदल मागे घेऊन जुनी स्थिती आणणे) ही ओळ हमखास असते आणि तिच्या भरवशावर मंजुरीही मिळते. हा भरवसा फसवा आहे, असे माझे मत आहे. २ जुलै २०२२ रोजी जपानमधील केडीडीआय या मोबाइल कंपनीच्या नेहमीच्या देखभालीत कोअर राउटर (डेटाला वाट दाखवणारे उपकरण) बदलताना राउटिंगची सेटिंग चुकली आणि व्हॉइस कॉल अडले. बदल लगेच मागे घेतला गेला, तरीही सेवा सावरायला साठ तासांहून अधिक वेळ लागला. कारण जुनी सेटिंग परत आली तेव्हा नेटवर्कवरची नोंदणी हुकलेले असंख्य हँडसेट एकदमच पुन्हा नोंदणी मागू लागले होते, त्या गर्दीत व्होल्टीचे (४जीवरील व्हॉइस कॉलचे) सर्व्हर गुदमरले आणि ग्राहकांच्या डेटाबेसमधील नोंदींचा मेळ बसेनासा झाला. सर्व्हर मागे नेता येतो, हँडसेट नेता येत नाहीत. म्हणून असे बदल वर्षातून मोजकेच आणि पूर्ण तालीम करूनच व्हावेत.

पूलवाला: तुमचे निदान मान्य, उपाय मात्र उलटा. बदल साठवून ठेवले की ते अवजड होतात. त्याच महिन्यात, ८ जुलैला, कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे नेटवर्क कोसळले तेव्हा कोअरच्या सात टप्प्यांच्या अपग्रेडमधील सहावा टप्पा चालू होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले म्हणून जोखीम 'कमी' ठरवली गेली होती. राउटची (डेटाच्या वाटांच्या नोंदींची) गर्दी रोखणारा एक फिल्टर काढला गेला आणि राउटच्या लोंढ्याखाली कोअर राउटर बसले. उपकरणांच्या व्यवस्थापनाचे नेटवर्कही त्याच कोअरवर अवलंबून असल्याने अभियंत्यांना आत शिरता येईना (याला नियोजन म्हणावे का, हा वेगळा प्रश्न). एमएमई (हँडसेटची नोंदणी सांभाळणारा सर्व्हर) पूलमध्ये, म्हणजे एकच काम वाटून घेणाऱ्या सर्व्हरच्या गटात, असेल तर नव्या सर्व्हरचे वजन (त्याच्याकडे येणाऱ्या ग्राहकांचा वाटा) अगदी कमी ठेवून थोडेच ग्राहक त्यावर येऊ द्यावेत, जुन्याचे वजन शून्य करून तो हळूहळू रिकामा करावा. मग हे काम दर आठवड्यालाही करता येते.

एचएसएस_प्रेमी: पूलचा युक्तिवाद एमएमईपुरताच खरा आहे. ग्राहकाची नोंद आणि सिमची गुप्त किल्ली जिथे असते, त्या डेटाबेसची (एचएसएसची) रचना बदलायची झाल्यास 'थोडे ग्राहक' हा पर्याय सहसा उरत नाही. तिथे मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

पूलवाला: आणि हात न लावण्याचे काय? ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओटू आणि जपानमधील सॉफ्टबँक या मोबाइल कंपन्यांची सेवा कोलमडली, ती त्यांना उपकरणे पुरवणाऱ्या एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्याने. त्या सकाळी कोणी काही बदलण्याची गरजच पडली नाही.

रात्रपाळी: ते उदाहरण मुदतींच्या नोंदवहीचे आहे, वारंवार बदल करण्याचे नव्हे. पूलची पद्धत मला मान्य आहे. पण नोंदणी नाकारतानाच हँडसेटला थांबण्याची मुदत देणारा टी३३४६ टायमर मानकात असताना, ऐन गर्दीत तो नीट चालतो का, हे तपासल्याशिवाय दर आठवड्याच्या बदलाला मी मंजुरी देणार नाही.